जुनी-नवी जोडी: अॅडलेडमधल्या वाइन चाखण्याच्या नोंदी

17 मार्च 2024

आज कपाट रिकामं करून जोड्या लावल्या. अट एकच: प्रदेश तोच, द्राक्ष तेच, जमेल तिथे घरही, म्हणजे वाइन करणारी कंपनीही, तीच. एक बाटली ताजी, दुसरी मुरलेली.

सगळे प्रदेश ऑस्ट्रेलियातले; आधी प्रदेश, मग द्राक्षाची जात, मग काढणीची सालं. हंटर व्हॅलीची सेमियॉन, 2023 आणि 2009. क्लेअर व्हॅलीची रीसलिंग, 2023 आणि 2005. बरोसाची शिराझ, 2021 आणि 2002. कूनावाराची कॅबर्ने, 2019 आणि 1998. शेवटी रदरग्लेनची मस्कॅट. तिचा हिशेब वेगळा, कारण ती बाटलीत नाही तर पिंपात मुरते आणि पिंपातल्या वर्षांवरून तिची प्रत ठरते.

हे कशासाठी, तेही लिहून ठेवते. मी इथल्या एका प्रयोगशाळेत वाइनचे नमुने तपासते. पीएच, एकूण आम्लता, वाइन टिकवणारा मोकळा सल्फर डायऑक्साइड, हे आकडे रोज हाताखालून जातात. पण पीएच 3.05 ची वाइन चौदा-पंधरा वर्षांनी जिभेवर कशी लागेल, ते आकडा बघून मला सांगता येत नाही. माहेर निफाड तालुक्यातलं, घरी थॉमसन द्राक्षांची बाग. वेलीचा डोळा, म्हणजे कोंब, फुटण्यापासून पेटी भरेपर्यंतचं सगळं लहानपणापासून पाहिलंय. द्राक्षाचं त्याच्या पुढचं आयुष्य मात्र मी कधी नीट पाहिलेलं नाही.

चाखणारे चार: मी, नवरा, पुण्याची एक मैत्रीण आणि पणजीची एक. ज्याने ओतायचं त्याने त्या दिवशी मत द्यायचं नाही. बाटल्यांना पायमोजे चढवायचे. सगळे पेले एकाच मापाचे, प्रत्येकात 40 मिली. घोट थुंकायला पिकदाणी, म्हणजे खरं तर जुना स्टीलचा डबा. पहिली फेरी डोळे मिटून, कारण रंग दिसला की नाक आपलं काम सोडून देतं. चाखण्याच्या दिवशी सकाळपासून घरात फोडणी नाही, उदबत्ती नाही, कुणी अत्तर लावायचं नाही. जेवण आदल्या दिवशीचं, दहीभात.

24 मार्च 2024

सेमियॉनची जोडी झाली. आज ओतण्याची पाळी नवऱ्याची.

पहिला पेला. लिंबाची साल, ओला दगड, जरासं कापलेलं गवत, आणि मग काही नाही. तोंडात घेतल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना आंबट चिमटा बसला आणि मधली सगळी जागा मोकळीच राहिली. पुण्याची मैत्रीण डोळे मिटूनच म्हणाली, "यात वाइन कुठे आहे?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुसरा पेला. बराच वेळ कुणी बोललं नाही. भाजलेल्या पावावर लोणी वितळताना येतो तो वास, त्यामागून मध, आणि त्याच्याही मागे मला जे आलं ते आमच्या घरातलं होतं: आजीचं उपवासाचं लिंबाचं लोणचं, बरणीत तीन-चार वर्षं राहून काळं पडलेलं. आंबट आहे, पण आता टोचत नाही. घोट गिळल्यावर मी घड्याळ पाहिलं. चव अर्ध्या मिनिटाहून जास्त राहिली.

तिघींनीही मत दुसऱ्या पेल्याला दिलं, आणि ही वाइन ओकच्या पिंपात ठेवलेली असणार असंही तिघींनी लिहिलं. मग मोजे काढले. पहिला 2023, दुसरा 2009. दोन्हींना लाकूड लागलेलंच नाही! हंटरची ही पारंपरिक रीत आहे. द्राक्ष लवकर तोडायचं, स्टीलच्या टाकीत आंबवायचं, काही महिन्यांत बाटलीत भरायचं. अल्कोहोल जेमतेम साडेदहा-अकरा टक्के. पावाचा तो वास बाटलीतल्या बाटलीत, नुसत्या काळाने तयार होतो. मी हे वाचलेलं होतं, तरी नाकाने मला फसवलंच.

सिडनीच्या उत्तरेला दीडशे-एक किलोमीटरवरचा हा प्रदेश खरं तर वाइनला सोयीचा नाही. हवा उष्ण, दमट, आणि ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस. माल लवकर तोडण्यामागे त्या पावसाचीही भीती आहे. जेम्स बस्बीने 1832 मध्ये युरोपातून वेलींच्या काड्या आणल्या, त्यात सेमियॉनही होतं असं मानतात. पुढे कितीतरी वर्षं हीच वाइन ‘हंटर रिव्हर रीसलिंग’ या चुकीच्या नावाने विकली गेली. टिरल्सच्या घराने 1963 पासून ‘व्हॅट 1’ नावाची सेमियॉन करायला घेतली आणि ती मुरवून बाजारात आणण्याचा धीर दाखवला. लोकांनी या द्राक्षाकडे नीट पाहायला सुरुवात केली त्यात या धीराचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

26 मार्च 2024

दोन्ही बाटल्यांतले थोडे नमुने कामावर नेले होते. 2023: पीएच 3.03, आम्लता लिटरला 6.8 ग्रॅम. 2009: पीएच 3.06, आम्लता 6.6. फरक नसल्यातच जमा. मोकळा सल्फर मात्र 30 वरून 8 वर आलेला.

हे दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहून कितीतरी वेळ बघत बसले. जुनी वाइन गोल लागते, मऊ लागते, म्हणून तिच्यातला आंबटपणा कमी झाला असेल असं मी आजवर धरून चालले होते. तो कमी झालेलाच नाही. तो जिथल्या तिथे आहे, त्याच्या भोवतालचं घर भरलं आहे. तरुण वाइनमधली ती मोकळी जागा पुढच्या भरणीसाठी राखलेली होती.

14 एप्रिल 2024

रीसलिंग. पणजीच्या मैत्रिणीने ओतलं.

2023 चा पेला हातात घेतला तसा टेबलाभर वास सुटला: ईडलिंबू, मोगरा, हिरव्या सफरचंदाची फोड. 2005 ने आमच्यात भांडण लावलं. मला ईडलिंबाच्या सालीचा मुरंबा आणि भाजलेला पाव आला. नवरा म्हणाला, "रॉकेल." आणि एकदा तो शब्द उच्चारल्यावर मलाही दुसरं काही येईना. रेशनच्या दुकानाबाहेरची रांग, हातात पाच लिटरचा डबा, कंदिलाची काच पुसून काळी झालेली बोटं. वास अगदी तोच, फक्त फार पातळ.

हा वास टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडपासून, म्हणजे पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांपासून, तो हळूहळू बनत जातो. घडावर ऊन जितकं जास्त, तितका तो पुढे जास्त. जर्मनीतल्या रीसलिंगपेक्षा इथल्या उन्हातल्या रीसलिंगमध्ये तो लवकर जाणवतो तो त्यामुळेच. बुचाचाही यात हात आहे: बूच हे संयुग शोषून घेतं, फिरकीचं झाकण शोषत नाही. आमची 2005 ची बाटली फिरकीच्या झाकणाची.

फिरकीच्या झाकणाची गोष्टही क्लेअरचीच. स्वस्त वाइनचं झाकण म्हणून लोक त्याला नाक मुरडायचे. सत्तरच्या दशकात इथे ते करून पाहिलं गेलं आणि गिऱ्हाइकाने नाकारलं. खराब बुचांनी आपली रीसलिंग नासते हे पाहून कंटाळलेल्या क्लेअरच्या वाइनवाल्यांनी 2000 च्या हंगामात एकत्र येऊन आपली रीसलिंग फिरकीच्या झाकणात भरली. एकट्याने केलं असतं तर तो बुडाला असता. इतक्या जणांनी मिळून केलं म्हणून दुकानदाराला पर्याय उरला नाही. त्याच सुमाराला इथल्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने 1999 ची क्लेअरचीच सेमियॉन चौदा वेगवेगळ्या झाकणांखाली भरून वर्षानुवर्षं तपासली. फिरकीच्या झाकणाने सल्फर आणि ताजेपणा सगळ्यात चांगला राखला. काही कृत्रिम बुचांखालची वाइन लवकरच तपकिरी पडली. त्या बाटल्या ओळीने मांडलेला फोटो आमच्या व्यवसायात बहुतेकांनी पाहिलेला असतो: एकच वाइन, एकाच दिवशी भरलेली, आणि रंग फिक्या लिंबापासून कडक चहापर्यंत.

मतं: नव्या बाटलीला दोन, जुनीला एक. जुनीला दिलेलं ते एक मत माझं.

28 एप्रिल 2024

शिराझ. आजचा दिवस वाईट गेला, आणि चूक माझी आहे.

2002 ची ही बाटली मी लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला लिलावातून घेतली होती. बरोसात त्या वर्षीचा उन्हाळा थंड, द्राक्ष सावकाश पिकलेलं, जाणकार त्या सालाचं नाव आदराने घेतात. तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो आणि बाटली स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरच्या कपाटात ठेवली. चार वर्षं ती तिथेच होती. 24 जानेवारी 2019 ला अॅडलेडमध्ये 46.6 अंशांची नोंद झाली त्या दिवशीही.

वेष्टण काढलं तर बूच तोंडाशी किंचित वर आलेलं, कडेला चिकट काळा ओघळ सुकलेला. तिथेच कळलं. पेल्यात रंग विटकरी नव्हे, सरळ तपकिरी. वास शिजवलेल्या मनुकांचा, करपायला आलेल्या काकवीचा. चव सपाट. आमसूल रात्रभर भिजवून ते पाणी टाकायला विसरावं तशी. शेजारी 2021 उभी होती: जांभूळ, काळी मिरी, ठसठशीत, तोंड भरून. तिन्ही मतं तिला.

पुण्याची मैत्रीण म्हणाली, "म्हणजे जुनी वाइन ही नुसती हवाच, नाही का?" मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

19 मे 2024

पुरावा मिळवला. तीच वाइन, तेच साल, दुसरी बाटली. ही एका संग्राहकाच्या तळघरात, कायम 14 अंशांवर, आडवी ठेवलेली. किमतीबद्दल नवरा काही बोलला नाही, त्याचे आभार.

दोन दिवस बाटली उभी ठेवली, साका खाली बसायला. मग मानेखाली टॉर्च धरून कडेने, धार न तोडता दुसऱ्या भांड्यात ओतली. शेवटचं बोटभर उरलं तेव्हा उजेडात काळी रेघ सरकत आलेली दिसली आणि मी थांबले. तो साका चमच्यात घेऊन पाहिला. ओल्या कुंकवासारखा, दाट, बोटाला रंग सोडणारा. नव्या वाइनचा जांभळा रंग आणि तुरटपणा एकमेकांना धरत जातात, त्यांचे कण मोठे होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वाइनने वीस वर्षांत जे सोडून दिलं ते चमच्यात होतं.

पेल्यात मध्यभागी अजून लाल, काठाला विटेचा रंग. सुकं अंजीर, नवी कोल्हापुरी चप्पल, पावसानंतरच्या पानांचा ढीग. 2021 चा तुरटपणा कच्च्या सुपारीचा, हिरड्या आवळणारा. याचा तुरटपणा आवळ्याचा: आधी तुरट, मग मागून गोडसर काहीतरी येत राहतं.

मतं: जुनीला दोन, नवीला एक. पुण्याच्या मैत्रिणीने मत नव्या बाटलीलाच दिलं, पण जुनीचा पेला मात्र पूर्ण संपवला. मी ते बघितलं.

इथेच, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर मॅगिल आहे. तिथे पेनफोल्ड्स या वाइन कंपनीत, वाइन करणाऱ्या मॅक्स शुबर्टने 1951 मध्ये ग्रेंज या शिराझ वाइनचा पहिला प्रयोग केला. तो फ्रान्समध्ये बोर्दोला जाऊन आला होता आणि तिथे चाळीस-पन्नास वर्षं टिकलेली वाइन त्याने चाखली होती. तशी टिकणारी वाइन इथल्या शिराझची करायची, हा त्याचा ध्यास. ताजी ग्रेंज कुणालाच आवडली नाही. 1957 मध्ये वरिष्ठांनी काम बंद करायला सांगितलं. शुबर्टने 57, 58 आणि 59 ची वाइन लपून केली. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, त्या पुन्हा चाखल्या गेल्या, आणि 1960 मध्ये त्याच वरिष्ठांनी काम सुरू करायला सांगितलं. लोकांनी नावं ठेवली ती तरुण वाइनला, आणि तिची बाजू मांडली ती तिच्याच थोरल्या बहिणींनी. माझ्या टेबलावर तीन आठवड्यांत लहान प्रमाणात हेच झालं.

9 जून 2024

कॅबर्ने. 1998 ची बाटली बुचाने मारली. पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा कुबट वास, ओला पुठ्ठा, फळ गायब. टीसीए हे खराब बुचातून येणारं कुबट वासाचं संयुग; त्याचा लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा अंश पुरतो. त्यात वाइन करणाऱ्याचा दोष नाही, म्हणून नाव लिहीत नाही. बदली बाटली मिळाली नाही, जोडी अपुरी राहिली.

2019 बद्दल एवढंच: निलगिरी स्पष्ट. हा वास द्राक्षाचा स्वतःचा नाही. बागेच्या कडेच्या निलगिरीच्या झाडांचं तेल हवेतून मण्यांच्या सालीवर बसतं, आणि काढणीत पानं-साल मिसळली तर आणखी वाढतं. झाडांजवळच्या ओळींत तो जास्त, दूरच्या ओळींत कमी, हे मोजून पाहिलेलं आहे. कूनावाराची चुनखडीवरची लाल माती सगळे सांगतात, शेजारच्या झाडांचं कमी सांगतात.

28 जुलै 2024

तात्या, माझे वडील, आले. आषाढीची वारी करून, चार दिवस घरी थांबून मग विमानात बसले. विमानतळावरच्या कार्डावर गेल्या 30 दिवसांत शेतावर गेला होतात का, असा प्रश्न असतो. भावाने फोनवर सांगितलं होतं, "नाही म्हणून टाका, भानगड नको." तात्यांनी हो वर खूण केली. अधिकाऱ्याने बूट काढून घेतले, तळवे धुऊन, पुसून परत दिले. बाहेर आल्यावर तात्या मला पहिलं वाक्य बोलले ते हे: "बाई, यांना बागेची किंमत कळती."

तात्या माळकरी. वाइन ओठाला लावणार नाहीत, आणि मी तो विषय काढणार नाही. पण ओट्यावर मोजे घातलेल्या बाटल्या त्यांनी संध्याकाळीच पाहिल्या. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून मार्चपासूनच्या नोंदी वाचल्या. शिराझच्या बाटलीपाशी थांबले. "सेहेचाळीस डिग्रीत माल ठिवला व्हय?" म्हणाले. मग वही मिटून, "वास घ्यायला माळ आडवी येत नाही."

4 ऑगस्ट 2024

बरोसाला नेलं. गाडीने तासभर. 1842 पासून इथे प्रशियाच्या सायलेशियातून आलेली ल्युथरन कुटुंबं वसली, अजून गावागावात त्यांच्या चर्चचे उंच मनोरे दिसतात.

थंडी, झिरमिर पाऊस, आणि मैलोन् मैल उघडे वेल. तात्यांनी पानं गळलेली बाग आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तर दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड, काडी तयार व्हायला, ऑक्टोबरमध्ये गोडी, घड धरायला. इथे थंडी ते काम फुकट करून देते, छाटणी वर्षातून एकदाच. गंमत म्हणजे काढणीचा काळ जुळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाडला पेट्या भरत असतात आणि बरोसात शिराझ तोडत असतात, विषुववृत्ताच्या दोन बाजूंना.

टनुंडा गावात लँगमाइल वाइनरीची जुनी शिराझची बाग आहे, 1843 ची लागवड मानली जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियात फायलॉक्झेरा ही वेलीची मुळं पोखरणारी कीड कधी शिरली नाही, म्हणून हे वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत, खुंटावर कलम नाही. इथेही आत जाताना बूट धुतले. तात्यांनी न सांगता पाय पुढे केला.

मग ते एका खोडाशी उकिडवे बसले. खोड माझ्या कमरेएवढं जाड, मधून फाटलेलं, एका बाजूला पोकळ, साल दोरखंडासारखी सुटलेली. त्या पोकळीत तात्यांनी हात कोपरापर्यंत घातला. वर मात्र दोन डोळ्यांवर नीट छाटलेल्या काड्या होत्या, कापाशी हिरव्या. त्यांनी एका कापावर अंगठा ठेवला आणि पाणी आलं का पाहिलं. आमची बाग पंधरा वर्षांत उपटावी लागते. उत्पन्न घसरतं, बँक थांबत नाही. तात्यांनी स्वतःच्या हयातीत तीनदा लावली, दोनदा उपटली.

"याला घड किती धरतेत?"

मी सांगितलं, फार थोडे, आणि मणीही बारीक.

"तरी ठिवला." एवढंच बोलले. परत गाडीपाशी येईपर्यंत गप्प होते.

दुपारी सेपल्ट्सफील्डची वाइनरी. तिथे बेनो सेपल्टने 1878 मध्ये पोर्टच्या धाटणीच्या, म्हणजे स्पिरिट घातलेल्या गोड वाइनचं एक पिंप शंभर वर्षं उघडायचं नाही म्हणून ठेवलं, आणि त्यानंतर दरवर्षी एक ठेवत गेले. एकही साल चुकलेलं नाही. 1978 पासून दरवर्षी शंभर वर्षांची वाइन बाटलीत येते. पाहुण्याला स्वतःच्या जन्मसालाच्या पिंपातला थेंब चाखता येतो. तात्यांचं साल 1953. पिंपात नळी घालून काढलेली वाइन पेल्यात पडताना धार नव्हती, तार होती. काळी, काठाला हिरवट झाक. पेला तिरका केला तर काचेला तपकिरी पदर धरून राहिला.

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पेला नाकाशी नेला. दोनदा. मग माझ्या हातात दिला. "आत्याच्या घरचं गुऱ्हाळ," म्हणाले. "कढई उतरल्यावरचं."

मी चाखली. गुऱ्हाळ होतं, आक्रोड होता, जुन्या लाकडी पेटीचा वास होता. सत्तरावर वर्षं पिंपातून पाणी आणि अल्कोहोल उडत राहिलंय, जे उरलं ते हे. जिभेवर ती गोड आहे हे नंतर कळतं, आधी आंबट लागते. इतक्या साखरेच्या मागे आंबट अजून उभं आहे.

11 ऑगस्ट 2024

सेमियॉनची जोडी पुन्हा मांडली, 2023 आणि 2009, माझ्याकडच्या दुसऱ्या बाटल्या. या वेळी मुद्दाम तात्यांसाठी. डोळे मिटून, फक्त वास.

पहिल्या पेल्याला ते लगेच बोलले. "माल लवकर तोडला. अठराच्या आसपास." मी उडालेच. साडेदहा टक्के अल्कोहोल म्हणजे तोडताना ब्रिक्सवर, म्हणजे रसातली साखर मोजण्याच्या मापावर, अठरा-एकोणीस. थॉमसनही आम्ही साधारण अठरालाच तोडतो. आयुष्यभर सकाळी सकाळी बागेत मणी चिरडून वास घेतलेलं नाक आहे ते.

दुसऱ्या पेल्याला वेळ घेतला. "तूप कढवलंय कुणी तरी. आन् लिंबू." मग पहिला पेला परत मागितला. दोन्ही आलटून पालटून. "हा त्याचाच हाये. एकाच घरचे."

मी विचारलं, कशावरून?

"खाली आंबट तेच हाये. वरचं बदललं." मग डोळे उघडून म्हणाले, "पूर्ण पिकलेला माल थांबत नाही बाई. दोन दिवस गेले की देठ सोडतो. थोडा अंग धरून आसंल तोच कोल्डमधी ऱ्हातो. हे पण तसंच केलंय."

26 मार्चला दोन आकडे समोर ठेवून मला जे लिहायला पानभर लागलं, ते एवढ्यात झालं.

25 ऑगस्ट 2024

मस्कॅट. रदरग्लेन व्हिक्टोरियाच्या ईशान्येला, मरे नदीजवळ. तांबूस-तपकिरी मस्कॅटचं द्राक्ष वेलीवरच सुरकुतेपर्यंत ठेवतात, आंबणं सुरू होतं न होतं तोच स्पिरिट घालून थांबवतात, आणि पत्र्याच्या गरम शेडमध्ये पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात. चार प्रती: रदरग्लेन, क्लासिक, ग्रँड, रेअर. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची शेजारी लावली.

खालची: ताजे बेदाणे, गुलाब, संत्र्याची साल. वरची: काकवी, कॉफी, खारकेचा गर, चमच्याला चिकटणारी. मी तीन घोटांनंतर थांबले, पुढे जाववेना. तात्यांचं मत ठाम, खालचीला: "हिच्यात अजून द्राक्ष हाये." पणजीची मैत्रीण वरचीला. ती म्हणाली, नाताळात घरी गूळ-नारळाचं दोदोल घोटताना कढईच्या तळाशी हाच वास असतो.

शिराझला उन्हाने मारलं आणि हिला उन्हानेच मोठं केलं. फरक साखरेचा, स्पिरिटचा आणि पिंपाचा. 46 अंशांची चूक मी मस्कॅटच्या बाबतीत केली असती तर बहुधा फारसं बिघडलं नसतं.

22 सप्टेंबर 2024

तात्यांचं विमान परवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोडी छाटणी धरली आहे, मजूर सांगून ठेवलेत.

सकाळी मॅक्लारेन व्हेलकडे गेलो होतो. डोळे फुटलेत, कापसासारख्या गुलाबी लवेतून पहिली पानं बाहेर. तात्यांनी एका काडीवरचे फुटवे मोजले आणि भावाला व्हिडिओ पाठवला.

वाटेत हंटरच्या 2024 च्या सेमियॉनच्या सहा बाटल्या घेतल्या. एक उघडली. लिंबाची साल, ओला दगड, मधली जागा मोकळी. कामावर मोजली नाही अजून, उद्या नेते.

उरलेल्या पाच ठेवायला घरातली जागा शोधली. दक्षिणेच्या भिंतीचं कपाट, आतल्या बाजूचं, उन्हाळ्यात भिंतीवर ऊन येत नाही ते. तात्यांनी आत हात घालून भिंत चाचपली, मग मागची, मग तळ. कपडे काढून वरच्या फळीवर नेले. बाटल्या आडव्या लावल्या, प्रत्येकीच्या मानेला सुतळीने चिठ्ठी. चिठ्ठ्या तात्यांनी लिहिल्या, बागेच्या हजेरीच्या वहीत लिहितात त्याच अक्षरात: ठेवल्याची तारीख, आणि खाली उघडायचं साल. 2027, 2030, 2033, 2036. पाचवीवर साल लिहिलं नाही, तारीख तेवढी लिहिली.

आत थर्मामीटर टांगला आहे. रात्री दहा वाजता 16 अंश. जानेवारीत रोज बघायचा.